पाटलिणीचा तुरा

माझ्या लग्नात आईनं मला पाच भांडी, दोन लुगडी आणि एक कोंबडी दिली. भांड्यांना पोचे पडले, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या. कोंबडीची गोष्ट मात्र अजून धडधाकट आहे. ती सांगायला घेतली की नातवंडं म्हणतात, पुन्हा तीच? हो, पुन्हा तीच. ज्या गोष्टीत मी इतकी मूर्ख ठरले, ती मी काय म्हणून विसरू?

वडील बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होते. क्वार्टरच्या मागं आईच्या आठ-दहा कोंबड्या असायच्या आणि त्यांत ही सगळ्यांत वरची. अंगभर काळे-पांढरे ठिपके, चाल ठसक्याची. आईनं ज्वारी फेकली की आधी हिनं खायचं, मग बाकीच्यांनी. पाण्यात आधी हिची चोच. संध्याकाळी खुराड्यातल्या वरच्या दांडीवर हिची जागा ठरलेली, आणि चुकून दुसरी कोणी तिथं बसलीच तर डोक्यात एक टोचा. मला द्यायला आईनं मुद्दाम तीच निवडली.

"तू तं गरीब गाय हायेस," आई म्हणाली. "संग एखादी तरी न दबनारी असू दे."

मी गरीब गाय नव्हते हे आईला चांगलं माहीत होतं, पण लेकीला सासरी पाठवताना आया असंच बोलतात.

बडनेऱ्याहून अकोल्याला आम्ही पॅसेंजरनं गेलो. बाकावर नवरा एकीकडे, मी एकीकडे आणि मधे टोपली. मूर्तिजापूरपर्यंत कोंबडी गप्प होती. मग तिनं टोपलीत अंडं घातलं आणि सगळ्या डब्याला ओरडून सांगितलं. तिकीट तपासनीस आला. म्हणाला, हिचं तिकीट कुठंय? नवऱ्यानं मान खाली घातली. लग्न होऊन एक दिवस झाला होता, आम्ही एकमेकांशी अजून धड बोललोही नव्हतो. मीच डोक्यावरचा पदर सावरून म्हटलं, "साहेब, हे आंदन हाय." तपासनीस हसत पुढं गेला, आणि नवऱ्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

अकोल्याला आमचं घर जिनिंगच्या मागच्या वस्तीत होतं. नवरा कचेरीत शिपाई. सासरे नव्हते. सासूला मी आत्याबाई म्हणायची. भिंतीला भिंत लागून आत्याबाईंच्या मोठ्या जावेचं घर होतं, तिला सगळी वस्ती मोठीमाय म्हणायची. आणि आत्याबाईंच्या सात कोंबड्या होत्या.

या कोंबड्यांचं आधी सांगायला हवं, कारण त्या निळ्या होत्या.

जन्मानं नव्हत्या. दिवसभर सगळ्या घरांच्या कोंबड्या गल्लीत मोकळ्या फिरायच्या, म्हणून आपली कोणती ते कळायला पूर्वी प्रत्येक घर आपापली खूण करायचं. कोणी हळद लावी, कोणी गेरू, कोणी पायाला चिंधी बांधी. मग दीक्षेचं वर्ष आलं. वस्ती नागपूरला जाऊन पांढऱ्या कपड्यांत परत आली, घराघरावर निळं निशाण चढलं, आणि त्या उत्साहात प्रत्येक बाईनं दुसरीला न विचारता आपल्या कोंबड्यांना कपड्यांची नीळ लावली. आठ दिवसांत अख्ख्या गल्लीच्या कोंबड्या निळ्या. कोणाची कोणती, कोणालाच कळेना. अंड्यांवरून भांडणं लागली. शेवटी पंच बसले. कोणीतरी सुचवलं की घरागणिक रंग वाटून घ्या, पण निळा सोडायला एकही बाई तयार होईना. मग रंगाऐवजी जागा वाटल्या. कोणाला पाठ, कोणाला डावा पंख. आमच्या घराला उजवा पंख आला. मोठीमायला शेपूट आलं, आणि त्याचा राग मी लग्न होऊन आले तेव्हाही तिच्या मनात होता.

आमच्या सात कोंबड्यांवर राज्य होतं पाटलिणीचं. हे नाव आत्याबाईंनी ठेवलेलं. तांबूस अंग, मानेवर सोनेरी पिसं, तुरा लालभडक. इकडंतिकडं न बघता अंगणात यायची. आमच्या वस्तीत कोंबडीला हे नाव ठेवण्यात काय गंमत होती ते वेगळं सांगायला नको. आत्याबाई अंगणात उभ्या राहून ओरडायच्या, "ये व पाटलीनबाई, उष्टं खाऊन जाय!" आणि हाक पार रस्त्यापर्यंत जाईल अशी काळजी घ्यायच्या.

माझी बडनेऱ्याची राणी टोपलीतून उतरली, तिनं पंख झाडले आणि सवयीप्रमाणं सरळ ज्वारीवर गेली. पाटलिणीनं मान उंच केली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, एकदा उडाल्या, दोनदा उडाल्या, आणि तिसऱ्यांदा माझी पळाली. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पाटलिणीपुढं पळाली म्हटल्यावर दुसरीनं टोचलं, मग तिसरीनं. संध्याकाळपर्यंत एका पायानं लंगडणारी, जिला कोणीच विचारत नसे, तीसुद्धा माझ्या कोंबडीला पळवत होती. दांडीवर जागा मिळाली नाही म्हणून ती खाली बसली आणि सकाळी वरच्यांची घाण अंगावर घेऊन बाहेर आली. माझ्या आईची कोंबडी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी झाडू घेऊन उभी राहू लागले. ज्वारी टाकायची, माझ्या कोंबडीला मधोमध सोडायची, आणि जी जवळ येईल तिला झाडू.

"हे काय करून राह्यली व?" आत्याबाईंनी विचारलं.

"माह्या कोंबडीले मारून राह्यल्या थ्या."

"मारतीनच. नवीन हाय थे. त्याइचं त्याइले ठरवू दे."

"बडनेऱ्याले थे सगळ्याइच्या वर व्हती!"

"बडनेऱ्याले असन," आत्याबाई म्हणाल्या. "हे अकोला हाय."

मी झाडू सोडला नाही. मग त्यांनीच तो माझ्या हातातून काढून घेतला. "तू मधी पडली का ठरतच नाही. तू घरात गेली का पुन्हा पहिल्यापासून. तुह्यापायी थे रोज नवा मार खाऊन राह्यली, समजते काय?"

समजत नव्हतं, पण झाडू गेला होता. तीन आठवड्यांत खरंच ठरलं. माझी कोंबडी लंगडीच्या वर आणि बाकी सहा जणींच्या खाली. आणि ठरल्याबरोबर तिनं लंगडीला असं काही टोचायला सुरुवात केली की बघवेना. जेवढं वरून खाल्लं होतं ते सगळं ती खाली देत होती. मला तिची लाज वाटली. दोन दिवस मी तिला हाकसुद्धा मारली नाही.

आत्याबाईंचं कोंबड्या पाहणं हा एक अभ्यासच होता. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की त्या बाजूला होऊन उभ्या राहायच्या आणि कोणामागून कोण बाहेर पडते ते बघायच्या. पाटलीण, मग काळी, मग बाकीच्या, शेवटी माझी आणि लंगडी. ओळ चुकली की हातातलं काम टाकून त्या कोंबडीला धरायचं. गळ्याखालची पिशवी चाचपायची, शेपटीखाली बघायचं, तुऱ्याचा रंग बघायचा. एकदा काळी दुसरी यायची ती पाचवी आली. दिसायला ठणठणीत, खात होती, पीत होती. आत्याबाईंनी तिला उलटी केली तर तळपायात बाभळीचा काटा रुतून गळू झालेलं. ते फोडलं, हळद आणि तेल भरलं. आठवड्यात काळी पुन्हा दुसरी.

"कोंबडी बिमार पडली का पहिले कोंबड्याइले समजते," आत्याबाई म्हणायच्या. "थ्या तिले लगेच खाली ढकलतात. आपल्याले मंग समजते."

हे शिकायला मला फार आवडलं. मी कोणाकडून आईला पत्र लिहवून घेतलं तर त्यात सगळी कोंबड्यांचीच खबर. आई म्हणे वाचून घेताना हसत होती, की पोरगी नवऱ्याचं काहीच लिहीत नाही.

भीती एकच होती, मानमोडीची. उन्हाळ्यात हा रोग आला की कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, खात नाही, तुरा काळानिळा पडतो, मान वाकडी होते, आणि दोन दिवसांत गल्लीतली खुराडी रिकामी. म्हणून पहिली पडलेली कोंबडी ताबडतोब मारून पुरायची, असा वस्तीचा रिवाज होता.

मोठीमायकडं एक पांढरी तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली. ती सदा टोपल्याखाली असायची आणि तिच्या शेपटाला नीळ नव्हती. सगळ्या गल्लीत बिननिळीची ती एकटीच. मी एकदा विचारलं, "मोठीमाय, हिले नीळ काहून नाही लावली?"

"राहून गेली," मोठीमाय म्हणाली, आणि तिनं टोपल्यावर एक दगड ठेवला.

मग एप्रिल आला आणि जयंती तीन दिवसांवर आली. आत्याबाई बाळापूरला लेकीकडं गेल्या, एक मुक्काम करून येणार होत्या. जाताना सांगून गेल्या की पांढरे कपडे निळीत काढून ठेव आणि उरलेल्या निळीत कोंबड्यांचे पंख ताजे कर, जयंतीला फिकट दिसायला नकोत.

कपडे झाले. घमेल्यात तळाशी घट्ट नीळ उरली होती. मी एकेक कोंबडी मांडीवर घेऊन उजवा पंख रंगवू लागले. पाटलीण शेवटी. ती कशाला सरळ बसते! तिनं माझ्या मनगटाला कडकडून टोचलं, माझा हात सुटला, आणि बाई डोक्यावर घमेल्यात. वर आली ती मानेपर्यंत निळी. शिंकली, डोकं झाडलं, मलाही निळं केलं, भिंतही निळी केली. मी पोट धरून हसले. मग फडक्यानं तिची मान पुसली. तुरा पुसायचा राहिला. राहिला म्हणते, पण खरं तर मी राहू दिला. चार महिने माझ्या कोंबडीला छळणारी ही बया एक दिवस निळी फिरली तर काय बिघडतं, असं मनात आलं. हे मी आज कबूल करते, आता मला कोण बोलणार आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. पाटलीण पहिली बाहेर आली, रोजच्यासारखी. मागून काळी आली, थबकली, आणि तिनं पाटलिणीच्या तुऱ्यावर झडप घातली. मग सगळ्याच तुटून पडल्या. पाटलीण आधी लढली. मग गोंधळली. ज्या काल वाट सोडत होत्या त्या आज अंगावर का येतात, हे तिला समजेना. दुपारपर्यंत ती सरपणाला ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागं जाऊन बसली. आणि अंगणात मारामारी होऊन नवी ओळ लागली तेव्हा सगळ्यांत पुढं कोण? माझी ठिपक्यांची! काळी पाटलिणीशी लढून दमली होती, माझी ताजीतवानी होती. तिनं काळीला दोन उड्यांत हरवलं आणि ज्वारीवर एकटी उभी राहिली, थेट बडनेऱ्याच्या थाटात. मी तिला मूठभर जास्त ज्वारी टाकली. आईला काय काय लिहायचं ते मनात जुळवू लागले. पाटलिणीचं असं का झालं, याचा मी विचारसुद्धा केला नाही.

संध्याकाळी आत्याबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी अंगण पाहिलं.

"पाटलीन कुठी हाय?"

मी पऱ्हाट्यांकडं बोट दाखवलं. त्यांनी तिला बाहेर काढलं. पिसं फुगलेली, मान पोटात घातलेली, गळ्याची पिशवी रिकामी. तुऱ्यावर टोचल्याचं रक्त वाळून काळं झालं होतं, वर धूळ बसली होती, आणि त्या सगळ्याखालून निळा रंग. आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला.

"तुरा काळानिळा पडला," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठीमाय आली. तिनं पाटलिणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "म्या म्हटलं व्हतं ना? देवीचं देवीनं नेलं."

आत्याबाईंनी पाटलिणीला पोटाशी धरलं. मोठीमायच पुढं म्हणाली, "सकाळी मारून टाक. बाकीच्या तरी वाचतीन. खाऊ नोको, मातीत घाल."

ती गेल्यावर आत्याबाई पाटलिणीला घेऊन ओट्यावर बसल्या, आणि त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. दीक्षेच्या आधीच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला मोठा ताप आला होता. आत्याबाई मरीमायला नवस बोलल्या, पोरगं उठू दे, तुला तलंग देते. पोरगं उठलं. तलंग राखून ठेवली होती. तेवढ्यात दीक्षा आली.

"मोठीमाय म्हने, देवीचं देऊन टाक अन् मंग जाय नागपूरले. म्या म्हटलं, नाही. पोरगं डाक्टरच्या सुईनं उठलं, डाक्टरची फी देऊन झाली. आता मी देवीले मानत नाही, तं कोंबडी काहून कापू?" त्यांनी पाटलिणीच्या पाठीवरून हात फिरवला. "थेच हे तलंग. ही जित्ती हाय तोवर माह्यं म्हननं खरं. ही अशी मेली तं गल्लीतल्या अर्ध्या बाया मनात म्हनतीन, देवीनं सूड घेतला. जयंतीच्या तोंडावर. अन् मंग उद्या पोराले काही दुखलं-खुपलं तं..."

मी आत्याबाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण तोंड दुसरीकडं केलं. आणि मी? मी भाकरी थापायला आत गेले. मी भेकड होते, दुसरा शब्द नाही. चार महिन्यांची सून, सासूच्या जिवाची कोंबडी, आणि कारण काय सांगायचं, की मला गंमत वाटली? जेवताना मी अर्धी भाकरी तशीच ठेवली. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं.

सकाळी नवऱ्यानं अंगणाच्या टोकाला खड्डा खणायला घेतला. मोठीमाय आली, तिच्यामागं गल्लीतल्या पाच-सात बाया आल्या. आत्याबाईंनी पाटलिणीला मांडीवर घेतलं होतं आणि पाण्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा तिच्यापुढं धरला होता. शेवटचा घास म्हणून. पाटलिणीनं तो खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा हातातून हिसकला. आत्याबाईंना ते दिसलंच नाही, डोळे भरून आले होते.

मला मात्र दिसलं, आणि मग राहवेना.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तिले रोग नाही. थे नीळ हाय."

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मोठीमायपुढं मी आजवर विचारल्याशिवाय फारसं बोलले नव्हते.

"म्या नीळ लावून राह्यली व्हती. थे घमेल्यात पडली. तुरा म्या पुसला नाही."

"सासूचं मन राखून राह्यली पोरगी," मोठीमाय म्हणाली. तिच्या आवाजात दयाच होती, आणि त्यामुळं मला जास्तच राग आला. मी आत गेले, वाटीत तेल आणलं, जयंतीसाठी धुतलेल्या कपड्यांतलं एक पांढरं फडकं आणलं, आणि आत्याबाईंच्या मांडीवरच पाटलिणीचा तुरा चोळायला बसले. आधी धूळ निघाली. मग वाळलेलं रक्त सुटलं, तपकिरी. आणि मग फडक्यावर निळा डाग उतरला, चांगला तळहाताएवढा. मी फडक्याची घडी बदलून पुन्हा पुसलं. खाली तुरा होता तसाच होता. जखमा होत्या, पण रंग लाल, लालभडक.

मोठीमाय खाली वाकली. तिनं अंगठ्यानं स्वतः तुरा चोळला, अंगठा डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ नेला.

"नीळच हाय व," ती म्हणाली.

आत्याबाईंनी आधी फडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता बसणार. "कालपासून तोंडात काय नीळ धरून बसली व्हती काय व?" त्या ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच त्यांना हसू फुटलं. ते हसू आवरेचना. बाया हसल्या, मोठीमाय तोंडाला पदर लावून हसली, गुडघाभर खड्ड्यात उभा असलेला माझा नवरा कुदळीवर रेलून हसला. मी एकटी रडत होते. मग आत्याबाईंनी ओढून मला जवळ बसवलं आणि त्याच निळ्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. सगळ्या गल्लीला पुन्हा हसायला कारण मिळालं.

खड्डा वाया गेला नाही. त्यात पुढं आम्ही पपई लावली.

मग मला उमगलं की काय झालं होतं. कोंबड्या एकमेकींना तोंडावरून, तुऱ्यावरून ओळखतात. निळं डोकं पाहून त्यांना वाटलं असणार, ही कोण परकी? आणि परकीचं त्या जे करतात ते त्यांनी केलं. माझ्या कोंबडीचं केलं होतं तेच. पाटलीण आपल्याच अंगणात एक दिवस नवी सून झाली होती.

जखमांना हळद लावून आत्याबाईंनी तिला खाली सोडलं. माझा हात झाडूकडं गेला नाही, हे मी अभिमानानं सांगते. पाटलीण तेलानं चकाकणारा तुरा घेऊन ज्वारीकडं निघाली. काळीनं पाहिलं आणि ती बाजूला झाली. बाकीच्या झाल्या. माझी ठिपक्यांची तेवढी जागेवर उभी राहिली, मान ताठ करून. पाटलिणीनं तिच्याकडं पाहिलं. आणि माझ्या राणीनं, जणू आपल्याला तिकडंच जायचं होतं अशा थाटात, दोन पावलं सरकून मातीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. तिचं राज्य एक दिवस चाललं.

"वाईट नोको वाटून घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "तुही बी येईन वर. पाटलीन आता म्हातारी व्हऊन राह्यली. पन सोताच्या पायानं येऊ दे तिले."

ती खरंच आली, पण दोन वर्षांनी, आणि एकदम पहिली नाही तर दुसरी. तोवर तिची पिलं गल्लीभर झाली होती.

जयंतीच्या दिवशी आम्ही निळीत काढलेली पांढरी लुगडी नेसून मिरवणुकीत गेलो. आत्याबाई सगळ्यांत पुढं होत्या आणि भेटेल त्या बाईला पाटलिणीची गोष्ट सांगत होत्या. दरवेळी त्यांच्या गोष्टीत फडकं मोठं होत होतं. मला इतका आनंद झाला होता की घोषणा देऊन माझा घसा बसला.

संध्याकाळी दिवे लागताना आम्ही घरी आलो. मी पाय धूत होते, तेवढ्यात मोठीमाय अंगणात आली. काखेत ती पांढरी तलंग.

"घमेल्यात नीळ उरली काय व?" तिनं मला विचारलं.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठीमाय त्यांच्याकडं न बघता माझ्याशीच बोलत राहिली. "नातवाच्या नावानं बोलली व्हती मरीमायले. कोनाले सांगितलं नाही, सगळे हसले असते. दीक्षा तं म्या बी घेतली. पन भेव कुठी जाते?" तिनं तलंग दुसऱ्या काखेत घेतली. "काल तुह्या सासूच्या मांडीवर तिच्या देवीचा कोप फडक्याले लागलेला म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यला."

आत्याबाई पुढं आल्या. त्यांनी ओटा पदरानं झटकला आणि मोठीमायला बसायला जागा केली.

मी घमेलं आणलं. तलंग मांडीवर घेतली तर तिचं काळीज धडधडत होतं. मोठीमाय म्हणाली, "टोपल्याखालीच वाढली हे. उद्या बाकीच्या हिले मारतीन ना?"

"मारतीन," मी म्हटलं. "तुमी मधी पडू नोका."

मोठीमायनं मान डोलावली. मग ती खाली वाकली आणि दोन्ही तळहातांनी तलंगेचं डोकं अगदी घट्ट झाकून धरलं.

"लाव आता शेपटाले," ती म्हणाली. "चांगली गडद लाव. पन तुरा संभाळ, माय."